पासवर्ड तपासणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो

जून २०२५मध्ये १,६०० कोटी लॉग-इनचे तपशील फुटल्याची बातमी जगभर पसरली. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या थोडी पुढे आहे, म्हणजे हिशेब माणशी जवळजवळ दोन खात्यांचा झाला. पुढे खुलासा झाला की ही कोणा एका संस्थेच्या संगणकावर पडलेली एकच धाड नव्हती. वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या मार्गांनी जमवलेल्या अनेक याद्यांची ती बेरीज होती, आणि तिच्यात एकच नोंद पुन्हापुन्हा आलेली होती. तोवर वाचकापर्यंत नेहमीचा सल्ला पोहोचला होता: पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घाला. हा सल्ला अपुरा आहे आणि त्याचा काही भाग चुकीचा ठरून आता बरीच वर्षे झाली आहेत. तरीही तो टिकून राहिला, याचे कारण पासवर्ड टाइप केल्यानंतरच्या क्षणभरात पलीकडे काय घडते, हे सामान्य वापरणाऱ्याला कोणी नीट सांगितलेच नाही.

विसरलेला पासवर्ड परत का सांगत नाहीत?

‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर बोट ठेवले की संकेतस्थळ आपल्याला नवा पासवर्ड ठरवायला लावते. जुना काय होता ते कधीच सांगत नाही. पुष्कळांना हा नियमाचा काच वाटतो. खरी गोष्ट अशी की काम नीट केलेले असेल, तर त्या संकेतस्थळाला आपला पासवर्ड माहीतच नसतो.

सुरुवातीला तसे नव्हते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाचे काम वेगळे आणि खासगी राहावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला, आणि सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे एका फाइलमध्ये ठेवण्यात आले. एकदा एक जण संगणकावर येणाऱ्यांना दिसणारी सूचना दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांच्या फाइलमध्ये बदल करत होता. दुरुस्ती चालू असताना तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइलला तो प्रोग्राम दोघांसाठीही एकच नाव देत असे. त्यामुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी संगणकावर आला त्याच्यासमोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड उमटू लागले. येथे कोणी चोरी केली नव्हती आणि कोणाचा पासवर्ड दुबळाही नव्हता. वाचता येतील अशा रूपात ते एका जागी ठेवले होते, दोष एवढाच होता.

यावर उपाय त्याच दशकात केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुचला: पासवर्ड साठवायचाच नाही, त्याच्यापासून निघणारा एक ठसा तेवढा साठवायचा.

ठसा म्हणजे काय?

या ठशाला संगणकाच्या भाषेत ‘हॅश’ म्हणतात. पुढे मी ठसा हाच शब्द वापरतो. त्याची कल्पना कागद-पेन्सिल घेऊन करून पाहता येते.

समजा, आपला चार आकडी गुप्त क्रमांक ४७२९ आहे. त्याला त्यानेच गुणले की २२३६३४४१ येतात. या आठ आकड्यांतले मधले चार, म्हणजे ३६३४, तेवढे वहीत लिहू आणि बाकीचे पुसून टाकू. उद्या आपण पुन्हा आलो की वहीवाला आपल्याला क्रमांक विचारेल, तेच गणित पुन्हा करेल आणि उत्तर ३६३४ आले की आत सोडेल. क्रमांक लक्षात ठेवण्याची त्याला गरजच पडत नाही. तो दर वेळी आपल्याकडून येतो, गणितातून जातो आणि पुसला जातो. वही चोरीला गेली तरी चोराला फक्त ३६३४ दिसतात. त्यांवरून मागे जायचे म्हटले तर सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन आकडे हरवलेले असतात.

प्रत्यक्षात वापरतात ती गणिते याहून कितीतरी गुंतागुंतीची असतात. त्यांत पासवर्डमधले एक अक्षर बदलले तरी सगळा ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो, आणि पासवर्ड पाच अक्षरांचा असो वा पन्नास, ठशाची लांबी तेवढीच राहते. तत्त्व मात्र हेच आहे: पुढे जाणे सोपे, मागे येणे जवळजवळ अशक्य.

यावरून एक परीक्षा आपोआप हाती येते. एखाद्या संकेतस्थळाने विसरलेला पासवर्ड ईमेलने जसाच्या तसा पाठवला, तर त्याने तो वाचता येईल अशा रूपात ठेवला आहे हे निश्चित समजावे.

येथे चाणाक्ष वाचक एक शंका काढील: पासवर्ड ठाऊक नसतो, तर ‘नवा पासवर्ड जुन्यासारखाच आहे’ अशी तक्रार काही ठिकाणी कशी दिसते? बहुधा नवा ठरवताना जुनाही विचारलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी दोन्ही समोर असतात आणि तुलना करता येते. जुना न विचारताच ‘थोडासा सारखा’ असा निर्वाळा मिळाला, तर मात्र संशयाला जागा आहे. नवा पासवर्ड हुबेहूब जुनाच असेल, तर ते नुसत्या ठशावरूनही कळते.

मग चोरलेल्या ठशांतून पासवर्ड सापडतो तरी कसा?

मागे येता येत नसले, तरी पुढे कितीही वेळा जाता येते. आपल्या चार आकडी उदाहरणात ०००० पासून ९९९९ पर्यंत केवळ दहा हजार क्रमांक आहेत. चोराने एकेक घेऊन त्याचा वर्ग केला आणि मधले आकडे पाहिले, तर ३६३४ देणारा क्रमांक संगणकावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सापडेल. पासवर्ड ‘फोडणे’ म्हणतात ते हेच. कुलूप उघडण्याची यात काही करामत नाही. अंदाज करायचा, ठसा काढायचा, जुळवून पाहायचा, इतकेच.

म्हणून सगळा प्रश्न वेगाचा होतो. खेळांसाठी बनवलेले एकच उत्तम ग्राफिक्स कार्ड एमडी५ या जुन्या पद्धतीचे ठसे सेकंदाला दहा हजार कोटींहून अधिक काढू शकते. इंग्रजी वर्णमालेतील आठ लहान अक्षरांपासून सुमारे २०,८८३ कोटी जुळण्या होतात. त्या सगळ्या दोन-तीन सेकंदांत तपासून होतील.

याला उत्तर दोन प्रकारे दिले गेले. पहिले उत्तर, प्रत्येक पासवर्डमध्ये ठसा काढण्यापूर्वी एक वेगळी यादृच्छिक संख्या मिसळणे. हिला ‘सॉल्ट’ म्हणतात. दोघांनी ४७२९ हाच क्रमांक निवडला असे समजू. पहिल्याच्या क्रमांकात ६१८ मिळवले तर ५३४७ होतात. त्याच्या वर्गाचे, म्हणजे २८५९०४०९चे, मधले आकडे ५९०४. दुसऱ्याच्या क्रमांकात १२५० मिळवले तर ५९७९ होतात आणि ठसा येतो ७४८४. क्रमांक एकच असूनही वहीत दोन वेगळे ठसे पडले. मिसळलेली संख्या ठशाशेजारी उघडपणे लिहिलेली असली तरी चालते, कारण तिचे काम लपण्याचे नाही. एका अंदाजाने हजारो खाती एकदम तपासण्याची चोराची सोय ती काढून घेते. त्याला प्रत्येक खात्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरे उत्तर, गणितच मुद्दाम संथ करणे. १९९९मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेली बीक्रिप्ट ही पद्धत अशी आहे. आपल्याला आत येताना सेकंदाचा एखादा दशांश अधिक लागला तर ते जाणवतही नाही, परंतु कोट्यवधी अंदाज करणाऱ्याला तोच दशांश असह्य होतो. नेहमीच्या वापरात तिच्यासमोर तेच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही हजार अंदाजांवर येते.

या दोन्ही गोष्टी सर्वज्ञात असताना २०१२मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख ठसे बाहेर आले तेव्हा त्यांत सॉल्ट नव्हता आणि गणितही वेगवान होते. चार वर्षांनी कळले की त्या चोरीतली खरी संख्या ११ कोटींच्याही पुढची होती. २००९मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले ते तर जसेच्या तसे, वाचता येतील असे. अशा वेळी ‘लोक दुबळे पासवर्ड ठेवतात’ म्हणून वापरणाऱ्यालाच बोल लावला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. ज्याने वही उघडी ठेवली त्याची जबाबदारी आधी येते.

पण आकडे आणि चिन्हे घातली की पासवर्ड मजबूत होतो ना?

गणिताने पाहिले तर होतो, माणसाच्या सवयींनी पाहिले तर फारसा होत नाही.

हा नियम रूढ झाला तो मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, एका मार्गदर्शिकेमुळे. ती २००३च्या सुमारास बिल बर यांनी लिहिली. खऱ्या माणसांचे खरे पासवर्ड कसे असतात याची पुरेशी माहिती त्या वेळी त्यांना उपलब्ध नव्हती. पुढे २०१७मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या त्या सल्ल्यातील बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. एव्हाना रॉकयूसारख्या याद्या अभ्यासकांच्या आणि चोरांच्याही हाती आल्या होत्या, आणि माणसे नियम कसा पाळतात ते स्वच्छ दिसत होते: मोठे अक्षर आले ते पहिलेच, आकडा आला तो शेवटी, चिन्ह आले ते बहुधा उद्गारचिन्ह. फोडणारे प्रोग्राम याच वळणांनी अंदाज करतात. ‘आपल्या भाषेतला शब्द त्यांना कुठे ठाऊक असणार’ हा दिलासाही फोल आहे, कारण त्यांच्या याद्या फुटलेल्या पासवर्डांपासून बनलेल्या असतात आणि खाती फुटतात ती सर्व भाषांच्या लोकांची.

आता लांबीकडे पाहू. कळफलकावरची अक्षरे, आकडे आणि चिन्हे मिळून ९५ होतात. त्यांतून आठ जागा भरल्या तर सुमारे ६,६३४ लाख कोटी जुळण्या मिळतात. त्याऐवजी केवळ २६ लहान अक्षरे घेतली आणि जागा बारा केल्या, तर सुमारे ९५,४०० लाख कोटी मिळतात, म्हणजे चौदा पटींहून अधिक. चार जास्तीची साधी अक्षरे सगळ्या चिन्हांवर भारी पडतात.

यात एक अट आहे आणि ती सुटली तर हिशेब कोसळतो: निवड यादृच्छिक हवी. एखाद्या प्रसिद्ध गीताची ओळ कितीही लांब असली तरी ती यादीत असू शकते. लक्षात राहील असा लांब पासवर्ड करण्याची जी पद्धत मला सर्वांत पटते ती डाइसवेअर नावाची, १९९५मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड यांनी सुचवलेली. तिच्यात ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी असते. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांचा क्रमांक यादीत शोधायचा आणि तो शब्द घ्यायचा. असे सहा शब्द घेतले की जुळण्यांची संख्या दोनावर तेवीस शून्ये या घरात जाते. यादी चोराजवळ असली तरी काही बिघडत नाही, कारण निवड फाशाने केलेली असते, आपल्या मनाने नव्हे.

दर तीन महिन्यांनी बदलायला लावतात ते?

२०१०मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी बंद झालेल्या दहा हजारांहून अधिक खात्यांचे एकापाठोपाठचे पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड माहीत असेल, तर १७ टक्के खात्यांत पुढचा पाचांहून कमी अंदाजांत सापडत होता. माणसे शेवटच्या १चे २ करतात; सक्ती झाली की कोणीही तेच करील. निस्टने २०१७मध्ये मुदत संपवून पासवर्ड बदलायला लावण्याची आणि चिन्हांची सक्ती न करण्याचा सल्ला दिला, आणि नवा पासवर्ड आधीच फुटलेल्यांच्या यादीत आहे का हे तपासावे असे सांगितले. २०२५च्या आवृत्तीत तर एकट्या पासवर्डावर चालणाऱ्या खात्यासाठी किमान १५ अक्षरांची अट आहे. फुटल्याचा पुरावा किंवा सबळ संशय असेल तेव्हा मात्र बदलायलाच हवा, आणि तोही लगेच.

खरा धोका: एकच किल्ली, अनेक कुलपे

एका संकेतस्थळाकडून ईमेल आणि पासवर्ड यांची जोडी फुटली की चोर तीच जोडी दुसऱ्या शेकडो ठिकाणी आपोआप लावून पाहतात. याला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात. येथे काहीही फोडायचे नसते, त्यामुळे पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्याचा उपयोग होत नाही. २०१२मध्ये लोकांच्या फाइली साठवून ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचे खाते दुसरीकडून चोरलेल्या पासवर्डाने उघडले गेले. त्या वर्षीच्या घुसखोरीतून सुमारे ६ कोटी ८० लाख वापरकर्त्यांचे ईमेल आणि ठसे गेल्याचे २०१६मध्ये उघड झाले. जे व्यवसायानेच या क्षेत्रात आहेत, त्यांच्याकडूनही हे होते.

आपला पासवर्ड फुटलेल्या यादीत आहे का, हे संगणक-सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेवर पाहता येते. त्यावर आक्षेप ठरलेला: तपासण्यासाठी पासवर्ड परक्याला द्यायचा, हा कुठला शहाणपणा? पण तो दिला जात नाही. आपलाच संगणक त्याचा ठसा काढतो आणि चाळीस चिन्हांच्या त्या ठशातली केवळ पहिली पाच पाठवतो. तिकडून त्या पाचांनी सुरू होणारे शेकडो फुटके ठसे येतात, आणि त्यांत आपला आहे का ते आपल्याच संगणकावर पाहिले जाते. विचारणाऱ्याने काय विचारले हे उत्तर देणाऱ्याला कळतच नाही. माणसाची लाज आणि सुरक्षितता दोन्ही राखणारी ही रचना मला फार सुंदर वाटते.

सगळे पासवर्ड एकाच तिजोरीत ठेवायचे?

प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब, यादृच्छिक पासवर्ड लक्षात ठेवणे कोणालाही शक्य नाही. ते काम पासवर्ड मॅनेजर या प्रोग्रामचे आहे. तिजोरीच गेली तर काय, ही भीती खोटी नाही. २०२२मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड मुख्य पासवर्डाने कुलूपबंद होते, परंतु कोणत्या संकेतस्थळांवर खाती आहेत ते पत्ते उघडे होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांच्यावर अंदाजांचा मारा करायला चोराला हवा तेवढा वेळ मिळाला. म्हणून फाशाचे सहा शब्द खर्च करायचे ते या एका जागी. तरीही तोच पासवर्ड चाळीस ठिकाणी वापरणे अधिक घातक आहे, कारण तेव्हा आपली सुरक्षितता त्या चाळिसांतल्या सर्वांत बेफिकीर संस्थेइतकीच असते. मॅनेजर नको असेल तर कागदावर लिहून घरात जपून ठेवणे हाही मार्ग आहे. दूर देशातल्या चोराला तो कागद दिसत नाही.

ठसा जेथे निरुपयोगी ठरतो

एवढे सगळे करूनही दोन वाटा उघड्या राहतात. एक म्हणजे खोटे संकेतस्थळ: आपण स्वतःच पासवर्ड नेऊन देतो. मोबाइलवर आलेला एकवेळचा क्रमांकही तेथे पुरा पडत नाही, कारण खोटे पान तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकते. दुसरी म्हणजे आपल्याच संगणकात शिरून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारे घातक प्रोग्राम. त्या १,६०० कोटींच्या याद्यांतला मोठा वाटा याच प्रोग्रामांनी जमवलेला होता. पलीकडच्या वहीत कितीही उत्तम ठसे असोत, येथे मूळ पासवर्डच गेलेला असतो.

‘पासकी’ ही नवी पद्धत पहिली वाट बंद करते. तिच्यात आपले उपकरण प्रत्येक संकेतस्थळासाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करते. खासगी किल्ली आपल्याकडे राहते, सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे जाते. आत येताना संकेतस्थळ एक नवी यादृच्छिक संख्या पाठवते, उपकरण खासगी किल्लीने तिच्यावर सही करते आणि सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळली जाते. संकेतस्थळावर धाड पडली तरी चोराला सार्वजनिक किल्ल्यांखेरीज काही मिळत नाही, आणि त्यांच्या आधारे आत येता येत नाही. पत्ता खोटा असेल तर उपकरण सहीच करत नाही. माणसाची नजर चुकेल, त्याची चुकत नाही. २०१९मध्ये या पद्धतीचा पाया असलेले वेबऑथ्न हे प्रमाण ठरले, आणि २०२२मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी तिला एकत्रित पाठिंबा जाहीर केला. सही करण्यापूर्वी बोट किंवा चेहरा मागितला जातो तो केवळ उपकरणाला पटावे म्हणून. ते चित्र संकेतस्थळाकडे जात नाही.

उपकरण हरवले तर? किल्ल्या दुसऱ्या उपकरणावर किंवा मॅनेजरमध्ये जुळवून ठेवता येतात, पण तेही नसेल तर संकेतस्थळ शेवटी एकच दार दाखवते: ‘तुमच्या ईमेलवर दुवा पाठवला आहे.’ बहुतेक सर्व खात्यांची परतीची वाट अजून त्या एका पेटीतून जाते. ती ज्याच्या हाती, त्याला बाकीचे पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नाही. तेव्हा आज एकच पासवर्ड बदलायला सवड असेल, तर तो ईमेलचा असावा.